मीठ कोण बघणार

"अरेच्चा, हा तर शेपू."

मराठी! राली गावातल्या सुपरमार्केटमध्ये, भाजीच्या फळीपुढे, माझ्या कानाशी कुणीतरी चक्क मराठीत बोललं होतं. मी दचकले वगैरे नाही. खरं सांगते, मला वाटलं मीच बोलले. कारण त्या गावात रोज मराठी बोलणारी मला ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मी. बस चुकली की मी बोलायची, भाजी चिरताना बोलायची, लॅबमध्ये रंगाचं द्रावण उतू गेलं तर फारच बोलायची. गावात दोन-चार मराठी कुटुंबं आहेत असं ऐकून होते, पण ती सगळी लांब कॅरीच्या बाजूला, आणि माझ्याकडे गाडी नव्हती. शहाऐंशी साल होतं. टेक्स्टाइल केमिस्ट्रीत पीएचडी करायला आलेल्या सांगलीच्या मुलीचं एकटेपण कुणाला सांगायचं? आईला पत्रात लिहिलं तर ती उत्तरात देवाचा अंगारा पाठवायची.

तर मी वळून पाहिलं. पावसानं खांद्यावर भिजलेला विंडचीटर, गालावर दोन दिवसांची दाढी, आणि नाकाशी हिरवी जुडी धरून डोळे मिटलेला एक उंच मुलगा. फळीवर होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या जुड्या त्याच्या हातात. पाटीवर 'डिल' लिहिलेलं होतं, पण वास काही पाटी वाचत बसत नाही.

"त्या माझ्या आहेत," मी म्हणाले. मराठीतच.

त्यानं डोळे उघडले. "तुम्ही... मराठी?"

"नाही. शेपू दिसला की मला आपोआप येतं."

तो हसला. असा हसला की शेजारची अमेरिकन बाई टोमॅटो ठेवून आमच्याकडे बघायला लागली. "मी गिरीश. अकोल्याचा. लहानपणी शेपू दिसला की ताटावरून उठायचो हो. आणि आज बघा... रडायचाच बाकी होतो."

"वसुधा. रडा, पण जुड्या इकडे द्या. ईस्टरच्या स्वयंपाकाला हव्यात."

"ईस्टर? तो तर महिन्यापूर्वीच झाला. ते चॉकलेटचे ससेसुद्धा सेलमध्ये संपले."

"तो त्यांचा. आमचा ह्या रविवारी."

"आमचा?" त्यानं भुवई उंचावली.

मग मला सगळं सांगावं लागलं. की मी मिसेस कोस्टास नावाच्या ग्रीक बाईंच्या घरात वरच्या खोलीत राहते. की त्यांचं चर्च जुन्या पंचांगानं चालतं, त्यामुळे त्यांचा ईस्टर बहुतेकदा बाकीच्यांच्या मागून येतो.

"म्हणजे स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी," तो म्हणाला.

"अगदी तेच. आणि उपासही तसाच कडक. चाळीस दिवस मटण नाही, दूध नाही, अंडं नाही, चीज नाही. आणि शनिवारी ह्या सगळ्याचाच स्वयंपाक करायचा. पण तोंडात घालायचं नाही."

"मग मीठ कोण बघतं?"

हाच तर प्रश्न होता. मिसेस कोस्टासच्या घरी मीठ बघायचे ते मिस्टर कोस्टास, यानिस. ते देव मानत नसत, त्यामुळे उपास करत नसत, त्यामुळे लग्न झाल्यापासून दर ईस्टरला चमचा त्यांच्या हातात असायचा. गेल्या ऑक्टोबरात ते गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला ईस्टर, आणि मुलगा-सून नातवंडांना घेऊन न्यू जर्सीहून येणार होते. मिसेस कोस्टास मला म्हणाल्या होत्या, "वासो, तू ख्रिश्चन नाहीस, तुला उपास नाही. मीठ तू बघ." त्या मला वासो म्हणायच्या. त्यांच्यात ते बाईचं नावच असतं म्हणे, त्यामुळे त्यांना मी पहिल्या दिवसापासून निम्मी ग्रीक वाटायची.

पण मेंढीच्या काळजाचं सूप मी कुठून चाखणार? केकातलं अंडं म्हणजे अंडं नव्हे, इथवर माझी प्रगती झाली होती. त्यापुढे नाही.

मी गिरीशकडे नीट पाहिलं. "तुम्ही मटण खाता?"

"पहिल्याच भेटीत हे विचारतात?"

"हो की नाही ते सांगा."

"काळीज, मुंडी, पाय, काय म्हणाल ते. उपास म्हणाल तर परीक्षेच्या दिवसांत आपोआप घडतो तेवढाच."

"मग शनिवारी दुपारी या. चव बघायला."

"येतो की. त्याबदल्यात शेपूची एक जुडी माझी." जुड्या त्यानं माझ्या टोपलीत ठेवल्या, एक मात्र हातातच धरून ठेवली. "रविवारीही मोकळाच आहे. सोमवारी मात्र निघायचंय. मिनियापोलिसला. नोकरी लागली."

"अरे वा. अभिनंदन," मी म्हणाले. मला काय त्याचं? अर्ध्या तासापूर्वी हा माणूस जगात आहे हेही मला ठाऊक नव्हतं. पण घरी जाताना बसच्या काचेवर पाऊस वाजत होता, पिशवीतून शेपूचा वास येत होता, आणि मी सोमवार, सोमवार असं काहीतरी पुटपुटत होते.

त्याच संध्याकाळी आम्ही अंडी लाल रंगात उकळली. गुरुवारीच रंगवायची असा त्यांचा नियम. रंग हा माझा विषय, त्यामुळे मी दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, आणि मिसेस कोस्टासनी त्या ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग लाल झालेलं पहिलं अंडं फडक्यावर ठेवत त्या म्हणाल्या, "यानिस ह्या वेळी खिडकीत बसून सिगरेट ओढायचा. मी ओरडायचे. आता खिडकी स्वच्छ आहे." त्या खिडकीकडे आम्ही दोघींनीही पाहिलं.

शनिवारी गिरीश दाढी करून आला. हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मिसेस कोस्टास सुपाच्या पातेल्यापाशी. टेबलाच्या एका टोकाला मी पालक चिरत होते, दुसऱ्या टोकाला त्याला कांद्याची पात दिली होती. आमचं काम स्पॅनाकोपिटा करायचं, म्हणजे भट्टीत भाजलेला पालकाचा 'पाय'. पालक, पात, शेपू, फेटा चीज, आणि वर-खाली कागदाहून पातळ पाऱ्यांचे थर.

"तुम्ही पात अशी का चिरता? पेन्सिलीला टोक केल्यासारखी?"

"हॉस्टेलचा हात आहे. तुम्हाला काय, घरी आईनं शिकवलं असेल."

"आईनं शिकवलं ते एकच, तोंड बंद ठेवून काम कर."

"आणि तेवढंच नेमकं विसरलात."

मी पालकाचं पान त्याच्या अंगावर फेकलं. ते त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटलं, आणि त्यानं काढलं नाही. संध्याकाळपर्यंत ते तिथंच होतं. अशा गोष्टी बायकांच्या लक्षात राहतात, त्याला इलाज नाही.

पालक परतून झाला, चीज कुस्करून झालं. "वासो, मीठ बघ. मग अंडी घालू," मिसेस कोस्टास तिकडून म्हणाल्या. मी परातीतल्या ढिगाकडे पाहिलं, अंदाज घेतला, मूठभर मीठ घातलं, हलवलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

गिरीशनं जाता जाता चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन तोंडात टाकलं. त्याचे डोळे मिटले. गुरुवारी शेपू हुंगताना मिटले होते तसे नाही, वेगळे.

"अहो," तो हळूच म्हणाला, "तुम्ही चव बघितलीत?"

"बघितली की. म्हणजे... डोळ्यांनी."

"डोळ्यांनी?"

"आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. उष्टं होतं. आई सगळा गणपतीचा स्वयंपाक अंदाजानं करते, कधी चुकत नाही."

"तुमची आई फेटा घालते का गणपतीला? हे चीज मिठाच्या पाण्यातच मुरलेलं असतं हो. अरबी समुद्र झालाय ह्याचा. आणि ह्या बाईंनी तुम्हाला एवढं एकच काम दिलं होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याची पात डोळ्यांना लागत नाही, त्यामुळे ती सबबही नव्हती. उद्या सगळी माणसं येणार, नवऱ्यामागचा पहिला ईस्टर, आणि मी माझ्या सोवळ्यापायी त्याची माती केली होती. पालकही संपला होता.

"काय झालं?" मिसेस कोस्टासनी विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

गिरीशनं माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "रडू नका. बटाटा घालायचा?"

"बटाटा आमटीत चालतो. ह्यात कसा चालेल?"

"मग शेपूत काय घालतात?" तो म्हणाला, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "मूगडाळ. आहे माझ्याकडे. खोक्यात बांधलीय, पण आहे."

तो गाडी घेऊन गेला आणि भिजत परत आला. मिनियापोलिसला निघालेलं खोकं त्यानं फोडलं होतं. डाळ आम्ही मिसेस कोस्टासच्या पाठीमागे, छोट्या पातेल्यात, बिनमिठाची बोटचेपी शिजवली आणि परातीत कालवली. त्यानं पुन्हा चाखलं. "आता माणसांत आलं. घ्या, आता तरी बघा."

"नको."

"कुणाचंच उष्टं खात नाही तुम्ही?"

"घरच्यांचं खाते. आईच्या ताटातलं, भावाचं."

"आणि देता कुणाला?"

"घरच्यांनाच. दुसऱ्या कुणाला कसं देणार?"

तो चमचा धुवायला वळला. "बरं झालं विचारलं," नळाखाली हात धरून तो म्हणाला. पाणी बराच वेळ वाहत होतं. चमचा काही एवढा खराब झाला नव्हता.

रविवारी सकाळी न्यू जर्सीहून फोन आला. नातवंडांना कांजिण्या झाल्या होत्या. आधी धाकट्याला, रात्रीतून थोरल्याला. मिसेस कोस्टास "बरं... बरं... औषध द्या... काही हरकत नाही..." असं म्हणत राहिल्या, रिसीव्हर ठेवला, आणि त्यावरचा हात काढायलाच विसरल्या. टेबल मांडून झालं होतं. नातवंडांच्या ताटांपाशी लाल अंडी ठेवली होती. यानिसच्या खुर्चीवर मुलगा बसणार होता.

"काढू का ताटं?" मी विचारलं.

"नको. राहू देत. रिकाम्या टेबलापेक्षा रिकामी ताटं बरी."

दुपारी गिरीश आला तेव्हा आम्ही तिघंच होतो, एवढ्या मोठ्या टेबलाच्या एका कोपऱ्यात. बाहेर पाऊस रिपरिपत होता. तीन माणसं आणि तीन घरं, न्यू जर्सीला, अकोल्याला, सांगलीला. माझ्या घरी ह्या वेळी सगळे झोपायच्या तयारीत असतील, असा विचार आला आणि मी ताटातला पाव उगाच मोडत राहिले. मला वाटतं तिघंही आपापल्या घरी पोचलो होतो.

मिसेस कोस्टासनी पायचा तुकडा तोंडात घातला. चावला. थांबल्या.

"ह्यात काय आहे?"

मी ताटाकडे पाहत राहिले. मग सगळं सांगून टाकलं. मीठ, नैवेद्य, डोळ्यांनी घेतलेली चव, डाळ. आता ही बाई रडणार, की मला खोली सोडायला सांगणार, ह्याचा मी अंदाज घेत होते. अंदाजाचं आणि माझं किती जमतं ते दिसलंच होतं.

त्या हसायला लागल्या. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला मी यानिसला सूप चाखायला दिलं. तो म्हणाला, उत्तम. रात्री चर्चमधून आल्यावर उपास सोडला तर त्यात मीठच नव्हतं. मी भांडले. तर म्हणतो कसा, मी चाखलंच नव्हतं, मी तुझ्याकडे बघत होतो." त्यांनी अजून एक तुकडा घेतला. "चांगलं झालंय हे. माझ्यासारखं नाही. पण चांगलं झालंय. आणि आता मला मिसेस कोस्टास म्हणू नका. थिया म्हणा."

थिया म्हणजे मावशी. मला परदेशात मावशी मिळाली ती अशी, मीठ जास्त झाल्यामुळे.

मग अंड्यांचा खेळ. प्रत्येकानं आपलं लाल अंडं मुठीत धरायचं आणि दुसऱ्याच्या अंड्यावर टोकाला टोक आपटायचं. ज्याचं फुटणार नाही, त्याचं वर्ष चांगलं. थियाचं माझ्यापुढे फुटलं. गिरीशनं खुर्ची जवळ ओढली.

"नीट धरा."

"धरलंय. तुम्ही उगाच वेळ काढताय."

"काढतोय खरा," तो म्हणाला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि टक् असा आवाज झाला. "तुझं फुटलं."

तुझं. त्यानं जीभ चावली. "सॉरी... म्हणजे तुमचं."

"आता फुटलंय. तुमचं काय आणि तुझं काय," मी म्हणाले. थियाला शब्द कळले नाहीत, पण ती उगाचच उठून कॉफी करायला गेली.

निघताना दारात तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत होता. "सकाळी येऊन जाऊ? निघण्याआधी?"

"कशाला?"

"असंच."

"असंच असेल तर ये," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी मी लॅबला गेले नाही. मला काय हवं होतं ते मला स्वच्छ ठाऊक होतं. मला तो हवा होता. त्यानं थांबावं असं नाही, नोकरी सोडून कोण थांबतं? पण नुसतं "पत्र लिहा" म्हणून तो गेला असता, तर पुढचे कित्येक महिने मी त्या खोलीत अंदाज बांधत बसले असते. त्याला काय वाटलं असेल, मला काय म्हणायचं होतं, वगैरे. आणि ते बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. शेपूच्या जुड्यांसाठी भांडणं सोपं असतं.

त्याची गाडी खोक्यांनी काचेपर्यंत भरली होती. झिमझिम पाऊस, समोरच्या पाइनच्या झाडांचा ओला वास. थियानं त्याला ईस्टरच्या बिस्किटांनी भरलेला डबा दिला, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ती घरात गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा हलला तो मला दिसला.

"चला मग," तो म्हणाला.

"हो."

"पत्र लिहीन..."

"लिही."

"थंडी फार असते म्हणे तिकडे."

"स्वेटर वरच ठेव."

एवढं बोलून तो गाडीत बसला. इंजिन सुरू झालं. वायपर हलायला लागले. माझ्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला पायचा शेवटचा तुकडा होता. वाटेत खायला म्हणून आणलेला, द्यायचा राहून गेलेला.

"थांब."

त्यानं काच खाली केली. मी फॉइल उघडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याला द्यायचा घास मी आधी स्वतःच्या तोंडात घातला. चांगला मोठा चावा घेतला. मग राहिलेला तुकडा खिडकीतून त्याच्यापुढे धरला.

तो त्या चावलेल्या कडेकडे बघत राहिला.

"उष्टं आहे," मी म्हणाले.

त्यानं इंजिन बंद केलं. "कुणाला देतेयस, कळतंय ना?"

"कळतंय."

त्यानं तो तुकडा घेतला, आणि मी जिथं चावला होता तिथूनच खायला सुरुवात केली. सगळा खाल्ला, सावकाश. फॉइलवरचे कणही बोटानं टिपले. पाऊस माझ्या केसांतून मानेवर उतरत होता, आणि मला आत जावंसं वाटत नव्हतं.

"मीठ?" मी विचारलं.

"अजून जास्तच आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण घरच्यांचं आहे... आता मी काय बोलणार?"

मग तो गेला. जायचंच होतं. गाडी कोपऱ्यावर वळली, आणि राली गावात मराठी बोलणारी मी पुन्हा एकटी उरले. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. आधी निदान कुणी गेलेलं नव्हतं.

आत आले तर थिया कालचं टेबल आवरत होती. नातवंडांची ताटं तिनं कपाटात ठेवली, लाल अंडी टोपलीत गोळा केली, आणि माझ्याकडे न बघता टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

"वासो," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मीठ कोण बघणार?"

"आम्ही दोघं," मी म्हणाले.